हिरव्या रंगाच्या सकाळी

“आलं, आलं! कोपऱ्यातल्या बबड्याचं माणूस आलं!”

बालवाडीच्या दारात बसणाऱ्या मावशींचा तो आवाज. डब्याच्या झाकणावर चमचा आपटावा तसा खणखणीत. चाळीस वर्षं उलटली. मावशींचा चेहरा पुसून गेला, कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा तेवढा राहिला, आणि आवाज मात्र कालचा असावा तसा ताजा. मावशी कधी ‘आई आली’ म्हणायच्या नाहीत, ‘बाबा आले’ म्हणायच्या नाहीत. कुणाला कोण न्यायला येईल याचा नेम नसायचा, म्हणून सगळ्यांसाठी एकच शब्द, माणूस. बबड्याचं माणूस तर रोज निराळं. कधी शेजारच्या काकू, कधी मामा, कधी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. आई दोन ठिकाणी कामाला, वडील कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक. येणारं माणूस कुणीही असो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “काय ताप आहे बाई रोजचा!” आणि मग बबड्या त्या तापाचं बोट धरून घरी जायचा.

तो बबड्या आता पंचेचाळिशीला टेकला होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या साठ-सत्तर लिफ्टा त्याच्याकडे होत्या, आणि कुठली कधी रुसेल हे त्याला तिच्या आवाजावरून कळायचं. लग्न उशिरा झालं, दोन वर्षांपूर्वी. बायको नर्स, तिचं दुसरं लग्न, आणि तिच्या पदरी दोन मुली. थोरली अकरा वर्षांची, मोजकं बोलणारी, बघताना सरळ आरपार बघणारी. धाकटी सहाची, तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. दोघी त्याला लिफ्टकाका म्हणायच्या. ‘बाबा’ म्हणायला त्यांना बाबा होतेच, चांगले धडधाकट.

ते बाबा जमीन मोजणाऱ्या खात्यात होते. माणूस सरळ, पण जगातली कुठलीही गोष्ट चौकटीत बसल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. मुलींना आणायचं-न्यायचं कुणी, याचा तक्ता त्यांनीच आखला होता. शाळेचे दिवस मुली आईकडे, शनिवार-रविवार बाबांकडे. दुपारी शाळेतून आणायचं काम बाबांच्या निळ्या रंगात, नाहीतर त्यांच्या नव्या बायकोच्या केशरी रंगात. शुक्रवारची सकाळ आईची, गुलाबी. आणि सोमवार ते गुरुवार सकाळ, हिरवी. हिरवा म्हणजे लिफ्टकाका. नर्सची पाळी सहाला सुरू व्हायची आणि बाबांचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सकाळी तिकडे लवकर निघावं लागायचं, म्हणून ते चार हिरवे चौकोन त्याच्या वाट्याला आले होते. वरून प्लॅस्टिक चढवलेला तो तक्ता दोन्ही घरांच्या फ्रिजवर चुंबकाने चिकटलेला असायचा. कुणी कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही, रंग बघायचा आणि गाडी काढायची.

बाबांची नवी बायको बेकरी चालवायची. पहाटे भट्टी पेटवणारी, हातावर भाजल्याचे डाग मिरवणारी, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जाणारी. ती लिफ्टकाकाला भाऊजी म्हणायची. “आता नवऱ्याच्या आधीच्या बायकोच्या नवऱ्याला काय म्हणतात ते कुणाला ठाऊक? भाऊजी म्हटलं की पिशवी तरी धरतात,” असं म्हणून ती पावांची पिशवी त्याच्या हातात कोंबायची.

पहिले काही आठवडे गाडीत नुसतं इंजिन बोलायचं. मागे हत्यारांच्या पेट्या, ग्रीसचा वास, आणि त्यांच्या पुढ्यात दप्तरं मांडीवर घेऊन दोन पाहुण्या. मग एका सकाळी सिग्नलला थांबले असताना धाकटीने समोरच्या उंच बँकेकडे बोट केलं.

“ही लिफ्ट तुमचीय?”

“माझीच.”

“कशीय?”

काय सांगावं? त्याने खरं ते सांगितलं. “नाकात बोलते. वर जाताना सारखी हंऽऽ करते.”

संपलं. त्या दिवसापासून प्रत्येक इमारतीपाशी “ही कशी?” सुरू झालं. दातांच्या दवाखान्याची कण्हत जाते. ग्रंथालयाची पायात काही घालतच नाही, आली कधी आणि गेली कधी कळत नाही. सरकारी कचेरीची आळशी, तिसऱ्यावर ढेकर दिल्याशिवाय चौथ्यावर जात नाही. धाकटीने त्याची गाणी केली आणि खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरून ती म्हणू लागली,

“बँकेची लिफ्ट गं, नाकात बोलते,
माणसं गिळते, वरती सोडते.
दातांची लिफ्ट गं, कण्हत जाते,
दार उघडताना ‘आ’ करून राहते.”

थोरली खिडकीबाहेर बघत बसायची. आठ महिने. मग एकदा कापडाच्या गोदामापाशी, तिथल्या मालाच्या लिफ्टची जाळी त्याने नुकतीच बदलली होती, ती कुणालाच न सांगितल्यासारखी म्हणाली, “तिच्यात आरसा नाही ना? मग तिला कुठं कळलंय ती म्हातारी झाली ते.”

त्या दिवशी कामावर त्याने तीन वेळा पाना हातातून खाली पाडला. शेजारचा हेल्पर म्हणाला, “काय हो, लॉटरी लागली काय?” तो म्हणाला, “हो.”

मग घोळ कुठे झाला? घोळ झाला तो पार सुरुवातीला. दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमात मुलींचे बाबा भेटले. “कसं काय चाललंय सकाळचं?” त्यांनी विचारलं, आणि हा भोळेपणाने बोलून गेला, “मजा येते हो! धाकटी तर आज सीटबेल्ट लावता लावता माझ्याच खांद्यावर झोपली.” बाबांचं तोंड उतरलं. नुसतं उतरलं नाही, कुणी आतला दिवा काढून न्यावा तसं झालं. त्यांनी मान हलवली, “छान, छान,” म्हणाले, आणि उगाच चष्मा पुसत राहिले.

आपण कुणाच्या ताटातलं उचलून वर त्यालाच चव सांगत बसलो, असं याला वाटलं. पुढच्या भेटीत बाबांनी तेच विचारलं तेव्हा हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, “कंबर गेली हो, साहेब. सकाळचं ट्रॅफिक, सीटवर बिस्किटांचा चुरा, काही विचारू नका.” आणि काय आश्चर्य, बाबा फुलले. खांद्यावर थाप मारून म्हणाले, “पोरं सांभाळणं म्हणजे लिफ्ट नव्हे, मेकॅनिकसाहेब! बटण दाबलं की झालं, असं नसतं ते.”

मग तेच औषध लागू पडलं. दर भेटीला कंबर, दर भेटीला चुरा. बायकोसमोरही तीच टेप, कारण तिच्या डोळ्यांत सतत ‘माझ्या मुलींचा तुझ्यावर भार’ असं काहीतरी दिसायचं, आणि ‘भार कसला?’ म्हटलं तर ती ते चांगुलपण समजायची. त्यापेक्षा थोडं कुरकुरलं की ती हसून चहा द्यायची. मोठी माणसं मुलांना न्यायला येताना अशीच बोलतात, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्या बोलण्याला कान असतात, हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नाही.

एका रविवारी दुपारी, मुलींना परत सोडायच्या वेळी, चौघं मोठी माणसं नर्सच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसली. बाबांनी नळकांड्यातून नवा तक्ता काढून पसरला. त्यांचं ऑफिस आता शाळेच्या मागच्याच रस्त्यावर आलं होतं.

“रोज सकाळी इथून मुलींना घेऊन मीच जाईन,” ते म्हणाले. “चार वर्षं शाळेच्या सकाळी मी त्यांना पाहिलेलंच नाही हो. त्या घाईत केस विस्कटलेले कसे दिसतात, तेसुद्धा विसरलो.”

नर्सने डोळ्यांना पदर नाही, पण हातातला रुमाल लावला. बेकरीवाली म्हणाली, “आणि भाऊजी सुटले! आता खुशाल लोळा आठपर्यंत. त्या कमरेला जरा तूप-तेल दाखवा.”

“खरंच, किती केलंस तू,” नर्स त्याच्याकडे वळून म्हणाली. “एवढा त्रास काढलास, एक दिवस चुकवला नाहीस.”

तो तक्त्याकडे बघत होता. निळा होता, केशरी होता, गुलाबी होता. हिरवा रंगच नव्हता.

“वा,” तो म्हणाला. “उत्तम झालं.”

दारात थोरली उभी होती. कधीपासून, देव जाणे. ती आत आली, फ्रिजवरचा जुना तक्ता काढला, नवा लावला, चारही कोपरे हाताने नीट दाबले आणि म्हणाली, “बरं झालं. आता लिफ्टकाकांची कंबर दुखणार नाही.”

बोलण्यात टोचणी नव्हती. हेच टोचलं.

सोमवारी तो सहाला उठला. उठून करायचं काय, हे मात्र कळेना. दोन डबे पुसून ठेवले, मग आठवलं की डबेही आता बाबाच भरून आणणार आहेत. पावणेआठला निळी गाडी दाराशी आली, दोनदा हॉर्न वाजला, मुली गेल्या. धाकटीने हात हलवला. थोरलीने दप्तर सावरलं. घर एवढं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू आला, आणि तो कॉम्प्रेसर जरा घरघरतोय असं त्याला वाटलं, म्हणून त्याने अर्धा तास फ्रिजच उघडून पाहिला. काही झालं नव्हतं त्याला.

संध्याकाळी नर्स म्हणाली, “झोपलास ना छान?”

“छान झोपलो.”

“मग चेहरा असा का?”

“जास्त झोप झाली असेल.”

त्याचं त्यालाच कळेना. दुःख म्हणावं तर कशाचं? मुली घरातच आहेत, संध्याकाळी समोर बसून जेवताहेत. राग म्हणावा तर कुणाचा? बापाने आपल्या लेकी शाळेत न्यायच्या नाहीत तर कुणी न्यायच्या? हक्क म्हणावा तर कुठल्या कागदावर? असलाच तर तो प्लॅस्टिकखालचा हिरवा रंग, तोही आता कचऱ्याच्या डब्यात. मनाची गाडी नुसती चौकात गोल फिरत राहिली.

मंगळवारी मुली गेल्यावर त्याला दातांच्या दवाखान्यात जायचं होतं, लिफ्टचं दार ‘आ’ करून अडकलं होतं. तो गाडीत बसला, निघाला, बँकेपाशी थांबला, “नाकात बोलते” असं मोठ्याने म्हणाला, ग्रंथालय गेलं, कचेरी गेली, दवाखाना तर मागे कधी पडला त्याला कळलंसुद्धा नाही, आणि गाडी शाळेच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली. त्याने उतरून मागचं दार उघडलं. आत दोन हत्यारांच्या पेट्या होत्या.

फाटकावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, मुली कुठायत?”

तो उघड्या दाराला धरून उभा राहिला. तेवढ्यात प्रत्येक पिवळ्या दिव्याला थांबत आलेली निळी गाडी पोचली. मुली उतरल्या. धाकटी धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली, घंटा झाली, पळाली. थोरलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे, आणि आत गेली. बाबा खिशातून घडी घातलेला तक्ता काढून बघू लागले.

“आज तुमचा दिवस होता का? माझ्याकडून चूक झाली की काय?”

“नाही नाही. इकडे एक काम होतं.”

“शाळेला लिफ्ट नाहीये.”

“पलीकडे. पलीकडच्या रस्त्याला.”

बाबांनी मान हलवली, पण गेले नाहीत. चष्मा काढला, पुसला. “मेकॅनिकसाहेब, एक मदत करता का? धाकटी दोन दिवस गाडीत रडतेय. म्हणते, बाबांना इमारतीच येत नाहीत. मी म्हटलं, बेटा, अख्ख्या शहराचे नकाशे माझ्याकडे आहेत. तर आणखीच रडायला लागली.” ते कसंनुसं हसले. “तुम्ही काय सांगता तिला, ते मला लिहून देता का? इमारतीप्रमाणे. मी पाठ करीन.”

दोन वर्षांची सवय तोंडाला लागलेली. “देतो की,” म्हणाला. “त्यात काय एवढं.”

दुपारी शाळा सुटल्यावर बाबांनी त्याला निळ्या गाडीत पुढे बसवलं. मागे मुली. गाडी एवढी स्वच्छ की पाय कुठे ठेवावेत कळेना. बाबांनी मांडीवर वही घेतली, पेन्सिलीला टोक होतं. प्रत्येक सिग्नलला ते लिहून घ्यायचे.

“कचेरी?”

“आळशी. तिसऱ्यावर ढेकर देते.”

“तिसऱ्यावरच का?”

“तिथला पट्टा घासलाय.”

“बाबा, पट्टा लिहू नका!” मागून धाकटी ओरडली. “ढेकर लिहा!”

“लिहिला, लिहिला. ग्रंथालय?”

“अनवाणी चालते.”

“म्हणजे आवाज होत नाही, असं ना?”

“असं काहीतरी.”

बाबा मन लावून लिहीत होते. ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखे. त्यांच्या कानामागे पांढरे झालेले केस याला दिसले, आणि त्याचा जीव कळवळला. या माणसाने आपलं काय वाईट केलं आहे? आपल्या लेकींशी बोलायला त्याला शब्द हवे आहेत, एवढंच ना? मग देताना आपला हात का आखडतो? एकेक इमारत वहीत उतरत होती, आणि त्याला वाटत होतं, कुणी घरातलं एकेक भांडं बाहेर नेऊन ठेवतंय. थांबवावं तरी कसं? आपणच तर उचलून देतोय.

कापडाचं गोदाम आलं. लाल दिवा लागला.

“हे काय? गोदाम,” बाबा म्हणाले. “इथली कशीय?”

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मागे आरशात थोरलीचे डोळे दिसले. ती त्याच्याकडेच बघत होती, त्या तिच्या आरपार नजरेने.

“इथली राहू द्या,” तो म्हणाला.

“असं कसं? मध्येच गाळली तर धाकटी धरेल मला.”

“काका, सांगून टाका ना,” थोरली म्हणाली. आवाज अगदी सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. “एकदा सगळं लिहून दिलं की सुटाल. परत कुणी तुम्हाला विचारायला येणार नाही. नाहीतरी तुम्हाला त्रासच व्हायचा आमचा. मी ऐकलंय. दर वेळी ऐकलंय.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. बाबांनी गाडी बाजूला घेतली, वही मिटली नाही.

“मी ते तुमच्या बाबांना बरं वाटावं म्हणून म्हणायचो,” तो म्हणाला. “पहिल्यांदा खरं सांगितलं, तर त्यांचं तोंड उतरलं. मग मी उलटंच सांगत सुटलो. मग तेच चालू राहिलं.”

बाबांची पेन्सिल थांबली. “म्हणजे? कंबर?”

“काही झालेलं नाही कमरेला. कधीच नव्हतं.”

“अहो, मग एवढी दोन वर्षं...” बाबा थांबले. त्यांना बहुतेक ती शाळेतली भेट आठवली असावी, कारण त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. “रविवारी तरी बोलायचंत. तक्ता समोर होता.”

“तुम्ही विस्कटलेल्या केसांचं बोललात. मग कसं बोलू?”

बाबांनी गाडीचं इंजिन बंद केलं. रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. गोदामातून कुणीतरी गठ्ठे बाहेर काढत होतं, लोखंडी जाळी खडखडत उघडत होती, मिटत होती. पुढे काय होणार, त्याला काही कळत नव्हतं. हा माणूस रागावेल का, बायकोला काय वाटेल, तक्ता पुन्हा आखला जाईल की तसाच राहील, आणि जो राहील तो बरोबर असेल का. काहीच कळत नव्हतं. पण थोरली अजून त्याच्याकडे बघत होती, आणि एवढं तरी तिला कळायला हवं होतं.

तो सीटवर मागे वळला, पूर्ण वळला, पट्टा मानेत रुतेपर्यंत.

“मला आवडतं तुम्हाला शाळेत न्यायला,” तो म्हणाला. “दोघींना. पहिल्या दिवसापासून आवडतं. तुम्ही काहीच बोलत नव्हतात ना, तेव्हासुद्धा. आणि मला न्यायचंय अजून.”